जुनी शेती-अवजारे आणि बदलते शेतीकाम : यांत्रिकीकरणाच्या इतिहासाचा आर्थिक धडा

शेतीचे यांत्रिकीकरण म्हणजे ट्रॅक्टरच्या संख्येत झालेली वाढ, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रत्यक्षात प्रत्येक अवजाराने कोणाचे तरी श्रम वाचविले, कोणाची तरी मजुरी कमी केली आणि कोणाच्या तरी हाती नवे उत्पन्न दिले. लाकडी नांगरापासून ड्रोनपर्यंतच्या वाटचालीचा या दृष्टीने घेतलेला हा आढावा स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना उपयुक्त ठरेल.

प्रस्तावना

लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाच्या परिसरात पंजाबच्या ग्रामीण जीवनाच्या सामाजिक इतिहासाचे एक संग्रहालय आहे. हरितक्रांतीने पंजाबचे शेतीकाम झपाट्याने बदलत असताना, १९७० च्या दशकात, त्याच विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू डॉ. एम. एस. रंधावा यांच्या पुढाकाराने ते उभे राहिले. ज्या संस्थेने नव्या बियाण्यांचा व यंत्रांचा प्रसार केला, तिलाच जुनी अवजारे व घरगुती वस्तू जतन करण्याची निकड वाटली, ही बाब अर्थपूर्ण आहे. नवी दिल्लीतील राष्ट्रीय कृषी विज्ञान संग्रहालयातही (२००४) भारतीय शेतीच्या प्रदीर्घ वाटचालीचे दर्शन घडते.

अशा संग्रहांकडे केवळ गतकाळाविषयीच्या आत्मीयतेने पाहिले जाते. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र त्यांत निराळा आशय सापडतो. जुने अवजार हा श्रमविभागणीचा पुरावा असतो. ते चालविण्यास किती माणसे व किती बैल लागत, ते कोण घडवीत असे, दुरुस्तीचा मोबदला धान्यात मिळे की रोखीने, आणि ते अडगळीत गेल्यावर त्यावर जगणाऱ्यांचे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे त्या अवजाराच्या इतिहासात दडलेली असतात. यांत्रिकीकरणाचे आजचे धोरण समजून घेण्यासाठी हीच उत्तरे उपयोगी पडतात.

विश्लेषणाची चौकट

युजिरो हायामी व व्हर्नन रुट्टन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘प्रेरित नवप्रवर्तना’चा सिद्धांत मांडला. ज्या देशात जो उत्पादन घटक दुर्मीळ व महाग असतो, तो घटक वाचविणारे तंत्रज्ञान तेथे विकसित होते, असे त्याचे सार आहे. मुबलक जमीन व अपुरे मनुष्यबळ असलेल्या अमेरिकेत श्रम वाचविणारी यंत्रे पुढे आली. जमीन अपुरी असलेल्या जपानमध्ये दर एकरी उत्पादन वाढविणारी बियाणी व खते पुढे आली. या निकषानुसार मनुष्यबळ विपुल असलेल्या भारतात यंत्रांचा प्रसार मंद गतीने व्हावयास हवा होता. तरीही तो झाला, कारण भारतीय शेतीत श्रमांची टंचाई वर्षभर नसली तरी ठरावीक आठवड्यांत तीव्रतेने जाणवते. पेरणीची वाफ, लावणीचे दिवस आणि कापणी-मळणीचा हंगाम या काळात झालेला विलंब संपूर्ण पिकाला बाधक ठरतो.

यंत्रे चार निरनिराळ्या गोष्टींची जागा घेतात : पशुशक्ती, मानवी शारीरिक श्रम, मानवी कौशल्य आणि वेळ. बैलाऐवजी इंजिन आल्याने होणारे परिणाम व निंदणी करणाऱ्या स्त्रीऐवजी यंत्र आल्याने होणारे परिणाम एकसारखे नसतात. म्हणून कोणत्याही यंत्राचे मूल्यमापन करताना ते नेमकी कशाची जागा घेते, त्याची मालकी कोणाकडे आहे, बचतीचा लाभ कोणाला मिळतो आणि विस्थापित श्रमाला पर्यायी काम आहे काय, हे चार प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

लाकूड, लोखंड आणि गावगाडा

ब्रिटिश सरकारच्या विनंतीवरून भारतात आलेले कृषी रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात भारतीय शेतकऱ्याच्या कसबाची प्रशंसा केली. देशी अवजारे ओबडधोबड दिसत असली, तरी ती हलकी, स्वस्त, गावातच दुरुस्त होणारी आणि येथील बैलांच्या ताकदीला साजेशी आहेत, हा त्यांचा निष्कर्ष महत्त्वाचा होता. परदेशी अवजार आणले की शेती सुधारेल, या तत्कालीन समजुतीला त्यातून छेद मिळाला.

दख्खनमधील तिफण हे याचे उत्तम उदाहरण होय. चाड्यात टाकलेले बियाणे नळ्यांवाटे तीन ओळींत एकाच वेळी पेरणारे हे अवजार सुतार गावात घडवीत असे. त्यात लोखंड नाममात्र होते. खरी गुंतवणूक चाड्यावर मूठ धरणाऱ्या व्यक्तीच्या कौशल्यात होती. बियाणे किती वेगाने सोडावयाचे हे तिच्या हाताला ठाऊक असे, आणि अनेक भागांत हे काम स्त्रिया करीत. पुढे ट्रॅक्टरचलित पेरणी यंत्रातील फिरत्या चाकांनी हे मोजमाप आपल्याकडे घेतले. येथे यंत्राने शारीरिक श्रमापेक्षा कौशल्याची जागा अधिक घेतली.

लोखंडी नांगराची कथा निराळी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे प्रथम कडबा कापण्याचे यंत्र व त्यानंतर १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन नासते, अशी समजूत शेतकऱ्यांत असल्याने सुरुवातीचे नांगर दीर्घकाळ विकले गेले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानच्या आश्रयाने किर्लोस्करवाडीची स्थापना झाली आणि पुढील काळात काळ्या, हरळीने व्यापलेल्या जमिनीत खोल नांगरट करणाऱ्या या नांगराला मागणी वाढली.

मात्र जड लोखंडी नांगर ओढण्यास एकाहून अधिक बैलजोड्या लागत. एकच जोडी असलेला लहान शेतकरी शेजाऱ्यांशी सावड केल्याखेरीज तो वापरू शकत नसे. दुसरा परिणाम गावगाड्यावर झाला. लाकडी नांगर घडविणारा सुतार व फाळ शेवटणारा लोहार यांना बलुत्याच्या रूपाने सुगीच्या वेळी धान्य मिळत असे. कारखान्यातील नांगर व त्याचे सुटे भाग रोखीने विकत घ्यावे लागत. अशा रीतीने एका अवजाराने शेतकऱ्याला रोख बाजाराशी जोडले आणि ग्रामीण कारागिराच्या कामाचा एक भाग कारखान्याकडे नेला. शेती-अवजारांच्या कारखान्यांत नवा रोजगार निर्माण झाला, हे खरे; परंतु तो गावातील सुतारालाच मिळाला असे नाही. विस्थापन एका ठिकाणी व रोजगारनिर्मिती दुसऱ्या ठिकाणी, हे यांत्रिकीकरणाचे सूत्र येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

मोट, रहाट आणि पंप

सिंचनातील बदल याहून व्यापक होता. चामड्याच्या मोटेला एक बैलजोडी व ती धावेवरून हाकणारा माणूस लागे. शेतात पाणी वळविण्यास दुसरा माणूस असे. दिवसभर राबूनही भिजणारे क्षेत्र अल्प असे. उत्तर भारतात, विशेषतः पंजाबात, रहाट प्रचलित होता. लाकडी रहाटाची जागा पुढे लोखंडी रहाटाने घेतली. विसाव्या शतकात तेलावर चालणारी इंजिने आली. स्वातंत्र्याच्या सुमारास पुणे येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे उत्पादन सुरू झाले आणि गुजरातमधील राजकोट हे मंदगती डिझेल इंजिनांचे मोठे केंद्र बनले. त्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणाबरोबर विद्युत पंपांचा प्रसार झाला.

पंपाने मोट हाकणाऱ्याचे काम संपविले, तसेच मोट शिवणाऱ्या चर्मकाराचेही. तथापि पाण्याची उपलब्धता वाढल्याने दुसरे पीक शक्य झाले आणि लागवड, निंदणी, कापणी यांसाठी मजुरांची मागणी वाढली. एका कामातील श्रमबचत शेतीतील एकूण रोजगार वाढवू शकते, हे पंपाचे उदाहरण सिद्ध करते. याची किंमत मात्र पुढे भूजलाच्या अतिउपशाच्या रूपाने अनेक राज्यांना मोजावी लागली. मोटेला बैलाच्या दमाची मर्यादा होती. पंपाला तशी मर्यादा उरली नाही.

ट्रॅक्टरचे आगमन

स्वतंत्र भारतात ट्रॅक्टर प्रथम मोठ्या प्रमाणावर आला तो शासनामार्फत. दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेले अमेरिकी लष्कराचे ट्रॅक्टर घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतात कांस या खोल मुळांच्या तणाने व्यापलेल्या जमिनी लागवडीखाली आणण्याचे काम हाती घेतले. याच प्रयोजनासाठी जागतिक बँकेने १९४९ मध्ये भारताला कृषियंत्रांकरिता १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. भारताला त्या बँकेकडून मिळालेल्या अगदी प्रारंभीच्या कर्जांपैकी हे एक होते. १९५५ मध्ये मध्य प्रदेशातील बुधनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९५६ मध्ये सोव्हिएत संघाने दिलेल्या यंत्रसामग्रीच्या आधारे राजस्थानातील सुरतगड येथे केंद्रीय यांत्रिक कृषिक्षेत्र उभे राहिले.

१९५१ मध्ये देशात सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते. १९६१ मध्ये ही संख्या सुमारे ३१ हजार झाली. ते बहुतांशी आयात केलेले होते. १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशरने पहिला देशी जुळणीचा ट्रॅक्टर तयार केला. १९६१-६२ मध्ये देशातील उत्पादन अवघे ८८० ट्रॅक्टर इतके होते. त्यानंतर मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने महिंद्र (१९६३), पोलंडच्या तंत्रज्ञानाने एस्कॉर्ट्स आणि चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर तंत्रज्ञानाने पिंजोर येथील सार्वजनिक क्षेत्रातील एचएमटी असे उत्पादक पुढे आले. दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत विकसित झालेल्या आराखड्यावर १९७४ मध्ये पंजाबात ‘स्वराज’ ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले; हे संपूर्ण भारतीय आराखड्याचे ट्रॅक्टर म्हणून ओळखले जातात.

त्या पिढीच्या ट्रॅक्टरांची रचना साधी होती. २५ ते ३५ अश्वशक्तीची इंजिने, कमीत कमी गुंतागुंत आणि तालुक्याच्या मिस्त्रीला उघडता येईल असे भाग ही त्यांची वैशिष्ट्ये होत. या साधेपणामुळे ग्रामीण भागात दुरुस्ती, वेल्डिंग, ट्रॉली बांधणी व सुटे भाग यांचा मोठा व्यवसाय उदयास आला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मान्यता दिली. तथापि यंत्राचे आयुष्य उत्पादकाच्या आयुष्याहून अधिक असू शकते आणि ते स्थानिक कारागिरीवर अवलंबून असते, हा त्या ट्रॅक्टरांचा धडा आजही लागू पडतो. आज भारत ही जगातील सर्वांत मोठ्या ट्रॅक्टर बाजारपेठांपैकी एक असून २०२२-२३ मध्ये देशांतर्गत विक्री ९ लाखांहून अधिक झाली.

रोजगाराविषयीचा वाद

१९७० च्या दशकात ट्रॅक्टरमुळे मजूर बेकार होतात काय, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत मोठी चर्चा झाली. डॉ. सी. एच. हनुमंत राव यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तांत्रिक बदल आणि त्याच्या लाभांचे वाटप यांची सांगड घालून हरितक्रांतीचे विश्लेषण केले. सुधारित बियाणी व सिंचन यांमुळे श्रमाची मागणी वाढते, तर काही यंत्रे ती घटवितात, हा भेद या चर्चेत मध्यवर्ती ठरला. हान्स बिन्सवांगर यांनी १९७८ मध्ये दक्षिण आशियातील ट्रॅक्टरविषयक पाहण्यांचा समग्र आढावा घेतला. ट्रॅक्टरमुळे पिकांची घनता वा दर हेक्टरी उत्पादन लक्षणीय प्रमाणात वाढल्याचा ठोस पुरावा या पाहण्यांत आढळत नाही, ट्रॅक्टर मुख्यतः बैल व मजूर यांची जागा घेतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

बैलाच्या बाबतीत हा निष्कर्ष काळाने खरा ठरविला. १९६०-६१ मध्ये दर हेक्टरी सुमारे ०.३ किलोवॅट शक्ती शेतीस उपलब्ध होती व तिचा बहुतांश भाग माणसे आणि जनावरे यांच्याकडून येई. २०१६-१७ मध्ये ही उपलब्धता सुमारे २.०२ किलोवॅटवर गेली व ती बहुतांशी यंत्रांची होती. पशुगणनेनुसार गोवंशातील नरांची संख्या २०१२ मध्ये सुमारे ६.७९ कोटी होती. २०१९ मध्ये ती सुमारे ४.७४ कोटींवर आली. अवघ्या सात वर्षांत झालेली ही सुमारे ३० टक्के घट आहे. बैलाबरोबर शेणखत व वैरणीचे पीक यांचे अर्थकारणही बदलले. बैलाची ‘दुरुस्ती’ घरच्या चाऱ्यावर होत असे. ट्रॅक्टरला डिझेल, सुटे भाग व कर्जाचा हप्ता लागतो. शेतीचा रोख खर्च वाढण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

मजुरांच्या बाबतीत चित्र संमिश्र आहे. २००१ च्या जनगणनेत १२.७३ कोटी शेतकरी व १०.६८ कोटी शेतमजूर होते. २०११ मध्ये शेतकरी ११.८८ कोटी व शेतमजूर १४.४३ कोटी झाले. म्हणजे ज्या दशकात यंत्रांचा प्रसार वेगाने झाला, त्याच दशकात शेतमजुरांची संख्या शेतकऱ्यांहून अधिक झाली. यंत्र शेतीतून काढून घेते ते विशिष्ट काम. व्यक्तीला शेतीबाहेर जाण्यासाठी उद्योग व सेवा क्षेत्रांत जागा असावी लागते. ती पुरेशी नसेल, तर तीच व्यक्ती अल्प दिवसांच्या कामासाठी शेतीतच थांबून राहते.

कायद्याच्या तीन भूमिका

यंत्राबाबत भारतीय राज्यसंस्थेची भूमिका कालपरत्वे कशी बदलली, हे तीन टप्प्यांवरून ध्यानात येते.

पहिली भूमिका नियंत्रणाची. बंगालमध्ये पायाने चालविल्या जाणाऱ्या ढेकीवर भात सडणे हे गरीब स्त्रियांच्या, विशेषतः विधवांच्या, उपजीविकेचे साधन होते. यांत्रिक गिरण्यांनी हे काम हिरावून घेतले. हातसडीच्या रोजगाराचे संरक्षण व्हावे, या हेतूने १९५८ मध्ये भात गिरणी उद्योग (नियमन) अधिनियम करण्यात आला व नव्या गिरण्यांवर परवान्याचे बंधन आले. तथापि गिरणी वेळ व कष्ट इतके वाचवीत होती की, ढेकी टिकू शकली नाही. हा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला.

दुसरी भूमिका सुरक्षेची. पारंपरिक मळणीत खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरे व त्यानंतर वाऱ्याच्या भरवशावर उफणणी चाले. हरितक्रांतीनंतर गव्हाचे उत्पादन वाढल्याने पावसापूर्वी मळणी उरकणे अशक्य झाले आणि उत्तर भारतात यांत्रिक मळणी यंत्रे झपाट्याने पसरली. लहान कारखान्यांत घाईने बनविलेल्या या यंत्रांत पेंढी सारताना मजुरांचे हात व बोटे तुटण्याचे प्रकार वारंवार घडू लागले. शेतमजुराला कारखाना कामगाराप्रमाणे संरक्षण नव्हते. या पार्श्वभूमीवर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम संमत केला. सुरक्षित रचना, उत्पादकाची जबाबदारी व अपघातग्रस्तास भरपाई ही त्याची प्रमुख अंगे होत. आखूड भरण-पन्हाळ असलेले जुने मळणी यंत्र आणि लांब, झाकलेल्या भरण-पन्हाळीचे नंतरचे यंत्र शेजारी ठेवल्यास या कायद्यामागील मानवी किंमत शब्दांवाचून कळते.

तिसरी भूमिका प्रोत्साहनाची. २०१४-१५ मध्ये कृषी यांत्रिकीकरण उप-अभियान सुरू झाले. वैयक्तिक खरेदीबरोबरच अवजारे भाड्याने देणारी केंद्रे व गावपातळीवरील अवजार बँका यांना त्यात साहाय्य देण्यात आले. नियंत्रण, सुरक्षा व प्रोत्साहन या तिन्ही भूमिकांची आजही गरज आहे. एक आली म्हणून दुसरी कालबाह्य ठरत नाही.

हार्वेस्टर आणि पराळीचा प्रश्न

एका यंत्राने सोडविलेला प्रश्न दुसरा प्रश्न कसा निर्माण करतो, हे पंजाब-हरियाणातील भातशेतीत दिसते. हार्वेस्टरने कापणी व मळणी एकाच वेळी होऊ लागली आणि परप्रांतीय मजुरांवरील अवलंबित्व घटले. परंतु विळ्याने कापलेला पेंढा गोळा होत असे, तर हार्वेस्टरमागे उभी खुंटे व विखुरलेला पेंढा शेतातच राहतो. त्यातच भूजल वाचविण्यासाठी २००९ च्या कायद्याने पंजाबात भाताची लावणी पुढे ढकलली गेली. परिणामी भाताची कापणी व गव्हाची पेरणी यांमधील अवधी अत्यंत अल्प राहिला आणि पराळी जाळणे हा स्वस्त मार्ग ठरला. पेंढा न जाळता त्यातूनच पेरणी करणारे हॅपी सीडर व तत्सम यंत्रांसाठी केंद्र सरकारने २०१८-१९ पासून विशेष साहाय्य सुरू केले. एका यंत्राच्या दुष्परिणामावर दुसरे यंत्र, हा उपाय उपयुक्त असला तरी खर्चिक आहे. म्हणून पीकरचनेत बदल करण्याचा प्रश्न त्यापासून वेगळा करता येत नाही.

स्त्रियांचे श्रम : यंत्राच्या प्रतीक्षेत

२०२३ मध्ये संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीसमोर आलेल्या अंदाजानुसार प्रमुख पिकांच्या बाबतीत जमीन तयार करण्याचे सुमारे ७० टक्के काम यंत्राने होते. पेरणी-लावणीत हे प्रमाण ४० टक्के, निंदणी-कोळपणीत ३२ टक्के व कापणी-मळणीत ३४ टक्के आहे. नांगरट हे परंपरेने पुरुषाचे काम. निंदणी व भातलावणी ही स्त्रियांची कामे. यंत्र प्रथम पुरुषाच्या कामात आले, आणि वाकून, चिखलात उभे राहून करावयाची कामे हाताने होत राहिली. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागातील कामकरी पुरुषांपैकी ४९.४ टक्के, तर स्त्रियांपैकी ७६.९ टक्के शेतीत होत्या. पुरुष शेतीबाहेर पडत असताना स्त्रिया मागे राहिल्या आहेत.

या कामांत यंत्र येते तेव्हा द्विधा स्थिती निर्माण होते. स्वतःच्या शेतात राबणाऱ्या स्त्रीचे कष्ट त्यामुळे कमी होतात. मजुरीवर जाणाऱ्या भूमिहीन स्त्रीचे उत्पन्न जाते. शिवाय यंत्र चालविण्याचे प्रशिक्षण बहुधा पुरुषांना मिळते. महाराष्ट्रातील ऊसतोडीतही हाच पेच आहे. पहाटेपासून चालणारे हे काम विलक्षण कष्टाचे असून त्यासाठी कुटुंबे उचल घेऊन स्थलांतर करतात. ऊसतोडणी यंत्र या कष्टांतून सुटका करू शकते; परंतु गावात दुसरे काम नसेल, तर उचलीबरोबर वर्षाचे उत्पन्नही नाहीसे होते. यावर यंत्र अडवून धरणे हा उपाय नव्हे, हे ढेकीच्या अनुभवाने दाखविले आहे. विस्थापितांना यंत्राच्या उत्पन्नात वाटा देणे हा अधिक टिकाऊ मार्ग ठरतो. स्वयंसाहाय्य गटांना ड्रोन देणारी २०२३ मध्ये मंजूर झालेली ‘नमो ड्रोन दीदी’ योजना या दिशेचे एक पाऊल म्हणता येईल. तिचे यश किती ड्रोन वाटले यावर नव्हे, तर गटांना वर्षात किती दिवस भाड्याचे काम मिळते यावर मोजले पाहिजे.

मालकीपेक्षा उपलब्धता

देशातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होती; २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार ती १.०८ हेक्टर असून ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्पभूधारक आहेत. यंत्र हे अविभाज्य भांडवल आहे. अर्धा ट्रॅक्टर विकत घेता येत नाही. लहान शेतावर तो वर्षातील बराच काळ उभा राहतो आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहतात. भाडेबाजार या अविभाज्यतेवर तोडगा काढतो. जड लोखंडी नांगरासाठी शेतकरी बैल एकत्र करीत, त्या सावडीचेच हे आधुनिक रूप होय. भाडे केंद्रांची खरी कसोटी हंगामात लागते, कारण सर्वांना यंत्र एकाच आठवड्यात हवे असते. त्यामुळे लहान शेतकऱ्याची पाळी कधी लागते, हा केंद्रांच्या संख्येहून अधिक महत्त्वाचा निकष आहे.

स्थानिक प्रतिभेनेही या प्रश्नाला उत्तर दिले आहे. गुजरातमधील अमरेली जिल्ह्याचे मनसुखभाई जगानी यांनी १९९० च्या दशकात मोटारसायकलच्या मागील चाकाऐवजी अवजारांची जोडणी करून ‘बुलेट सांती’ तयार केली. बैलजोडी परवडत नाही व ट्रॅक्टर आवाक्याबाहेर आहे, अशा शेतकऱ्यासाठी ती होती. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने या संशोधनाची दखल घेतली.

जतन कशासाठी?

या विवेचनावरून जुन्या यंत्रांच्या जतनाची तीन कारणे स्पष्ट होतात. पहिले, ती श्रमाच्या इतिहासाची साधने आहेत. शेतमजूर, कारागीर व स्त्रिया यांच्या कामाची लिखित नोंद अल्प असल्याने त्यांची हत्यारेच त्यांची साक्ष देतात. दुसरे, तिफण वा हातकोळपे यांसारख्या हलक्या, स्वस्त अवजारांची तत्त्वे लहान शेतांसाठी नवी यंत्रे आखताना उपयोगी पडतात. तिसरे, जुनी इंजिने चालू ठेवणारे दुरुस्तीचे कौशल्य ही ग्रामीण रोजगाराची संपत्ती आहे.

यासाठी अवजार काचेआड ठेवणे पुरेसे नाही. ते चालविणाऱ्या वृद्ध व्यक्तींकडून दिवसाचे काम, लागणारी माणसे, मोबदला, दुरुस्तीची रीत व स्थानिक नावे यांची नोंद वेळीच झाली पाहिजे. कृषी विद्यापीठे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व ग्रामपंचायती हे काम अल्प खर्चात करू शकतील.

समारोप

यांत्रिकीकरण टाळता येणारे नाही आणि पाठ मोडणाऱ्या कष्टांचे उदात्तीकरणही करता येणार नाही. मोटेवरील दिवस, खळ्यावरील रात्री आणि चिखलातील लावणी यांतून सुटका होणे हा विकासाचाच भाग आहे. परंतु प्रत्येक सुटकेबरोबर कोणाची तरी मजुरी गेली, हेही तितकेच खरे. पंपाने रोजगार वाढविला, ढेकीच्या अस्ताने तो हिरावला, मळणी यंत्राने वेळ वाचविला पण हात घेतले, हार्वेस्टरने कापणी सुलभ केली पण पराळी मागे ठेवली. या भिन्न परिणामांचे मूळ मालकी, पाणी, कायदा व पर्यायी रोजगार यांच्या व्यवस्थेत आहे. यंत्र निवडण्यापूर्वी ही व्यवस्था तपासणे, हेच यांत्रिकीकरणाच्या धोरणाचे पहिले काम असले पाहिजे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. ‘प्रेरित नवप्रवर्तन’ सिद्धांताच्या आधारे भारतातील शेती यांत्रिकीकरणाचे स्वरूप स्पष्ट करा.

२. पंपसंच व ढेकीऐवजी आलेली भात गिरणी यांच्या रोजगारावरील परिणामांची तुलना करा.

३. १९५८ व १९८३ चे अधिनियम आणि २०१४-१५ चे उप-अभियान यांतून शासनाच्या भूमिकेतील कोणता बदल दिसतो? चर्चा करा.

४. अल्पभूधारकांसाठी यंत्राच्या मालकीपेक्षा त्याची वेळेवर उपलब्धता अधिक महत्त्वाची आहे, या विधानाचे परीक्षण करा.